वळणावर तू एकटी का उभी राहिलीस

शैला,

काल भर दुपारी मी तुझा फ्लेक्स कापला. ब्लाउज बेतायची माझी मोठी कात्री घेतली, घरातलं स्टूल उचललं, चौकात गेले आणि खांबावरून तुला खाली उतरवलं. वर तुझा कुठल्यातरी ओळखपत्रावरचा फोटो होता, डोळे मिटायच्या बेतात असलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'समस्त रहिवासी'. आणि कोपऱ्यात, हात जोडून, तुझ्यापेक्षा मोठ्या आकाराचे बापूसाहेब.

पलीकडचा दिलीप चपला न घालताच धावत आला. "अहो कुसुमवहिनी, काय करताय हे? लोकं बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. "त्या सकाळी कुणी बघितलं नाही. आता तरी बघू देत."

तुझा फोटो तेवढा घडी करून घरी आणला. उरलेला फ्लेक्स त्याच्या हातात दिला. बापूसाहेबांच्या मिशीवरून कात्री गेली होती, ते मात्र मुद्दाम केलं नाही. तेवढं आपोआप झालं.

सगळे म्हणतात, कुसुमला धक्का बसलाय, रडून मोकळी हो म्हणावं. मला रडू येत नाही गं. राग येतो. सकाळी उठले की राग येतो, चहाचं आधण ठेवलं की येतो, मशीनवर बसले की सुई मोडेपर्यंत पाय मारते. दिलीपचा येतो, बापूसाहेबांचा येतो, या सगळ्या कॉलनीचा येतो. आणि तुझाही येतो. तुझा तर सगळ्यात जास्त, कारण बाकीच्यांना तोंडावर बोलता येतं. तुला कुठं बोलू? म्हणून हे लिहितेय. तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढशील, काढ.

तू या कॉलनीत आलीस तेव्हा कुपवाडकडची ही बाजू नुसती शेतं होती. चार घरं, बाकी ऊस. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, एकटी राहणारी बाई. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या दारात आलीस. मला वाटलं विरजण मागायला आलीस. तू म्हणालीस, "उद्या पाणी येणार नाही. मोटार जळलीय. आज भरून ठेवा." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तू म्हणालीस, "पाणी सोडणाऱ्याला विचारलं. तुम्ही विचारत नाही का कधी?"

नव्हतो विचारत. इथं कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं. नळाला पाणी आलं की आलं, लाईट गेली की गेली. आपल्या नशिबाचा भाग असल्यासारखं सगळे बसून राहायचे. तू आलीस आणि वायरमनचा नंबर, घंटागाडी कुठल्या दिवशी वरच्या गल्लीत येणार, आरोग्यसेविका कुठल्या अंगणवाडीत बसते, रेशनला गहू आलेत की नुसते तांदूळ, हे सगळं दारोदार सांगत फिरायला लागलीस. लोकं म्हणायची, बाईला घरात काम नाही. तू म्हणायचीस, "खरंच नाही. एकटीला किती काम असतं?"

मग गणपतीच्या वर्गणीसाठी दिलीपनं मोबाईलवर कॉलनीचा ग्रुप काढला आणि तुला जणू तुझं एक्स्चेंज परत मिळालं. तुझे ते मेसेज! 'उद्या दिवसभर लाईट नाही. दळण आजच आणा. नंतर मला फोन करून रडू नये.' 'लसीकरण उद्या सकाळी. बाळाला घेऊन या, बाळाच्या आजीची परवानगी लागत नाही.' शेवटच्या ओळीवरून तीन घरांत सासवा तुझ्यावर रुसल्या होत्या. मी तुला म्हणायची, जरा गोडीनं लिही की. तू म्हणायचीस, "गोडीनं लिहिलं की लोकं नमस्कार करतात, वाचत नाहीत."

दिवाळी झाली की तुझा खरा हंगाम सुरू व्हायचा. लोकांचा उसाचा, तुझा थंडीचा. इथली थंडी फार दिवसांची नाही, पण त्या दिवसांत तू कुणाला सुखानं झोपू दिलं नाहीस. दमेकऱ्यांनी उन्हं आल्याशिवाय फिरायला जाऊ नये. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये. ऊस तुटायला लागलाय, रान उघडं पडलंय, बिबट्या बाहेर येतो, संध्याकाळी पोरांना बांधावर सोडू नये. आणि गॅसचा गिझर असेल तर बाथरूमची झडप उघडी ठेवावी.

त्या गिझरचं आठवतं ना तुला? कदमांकडं नवी सून आली होती. थंडी आत येते म्हणून त्यांनी झडपेला पुठ्ठा ठोकला होता. तू मेसेज टाकलास, कुणी हलेना. मग मला ओढत त्यांच्या घरी नेलंस. कदमकाकू दारातच आडव्या झाल्या. "आमच्या बाथरूमात तुम्ही कोण जाणार?"

"मी जाते आणि येते," तू म्हणालीस. "तुमची सून आत जाते आणि येत नाही, असं व्हायला नको."

काकू दारातून बाजूला झाल्या. तू आत शिरलीस, बादली पालथी घातलीस, तिच्यावर चढून पुठ्ठा उचकटलास आणि बाहेर येऊन त्यांच्याच हातात दिलास. परत येताना मी तुझ्यावर भडकले. म्हटलं, नको आहे लोकांना तर कशाला सांगायला जातेस? कुणी तुला नेमलंय? तू तुझ्या फाटकाची कडी लावत म्हणालीस, "कुसे, ज्याला नको असतं त्यालाच सांगायचं असतं. ज्याला हवं असतं तो विचारायला येतोच."

आपलं सगळं भांडण एवढंच होतं. आयुष्यभर एकच. तू म्हणायचीस, सांगत राहायचं. मी म्हणायची, माणसं बघून सांगावं. अजून मिटलेलं नाही आणि तू निघून गेलीस, हे काही बरोबर नाही.

मागच्या हिवाळ्यात दिलीपनं ग्रुपवर बिबट्याचा फोटो टाकला. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला, खाली लिहिलेलं, 'आपल्याच कॉलनीत, काल संध्याकाळी'. एका तासात सगळी दारं बंद. ट्यूशनला गेलेल्या पोरींना बापांनी गाड्या घेऊन परत आणलं. तू काय केलंस? शिराळ्याच्या तुझ्या मावसबहिणीला फोन, तिच्या ओळखीच्या वनरक्षकाला फोन, मग त्यानं सांगितलं की हा फोटो कुठल्या भलत्याच राज्यातला, जुना आहे. तू ग्रुपवर लिहिलंस, 'फोटो खोटा आहे. पाठवणाऱ्याने खात्री करावी. खोट्या बिबट्याने लोक दमले की खऱ्याला कुणी घाबरणार नाही.' दिलीपचं नाव तू घेतलं नव्हतंस. पण त्याला लागलं. आपण काढलेल्या ग्रुपवर आपल्यालाच शिकवते, हे त्यानं मनात ठेवलं.

आणि यंदा ट्रॉल्या.

कारखान्याकडं जाणारा रस्ता आपल्या कॉलनीच्या कडेनं वळतो. गळीत सुरू झालं की उसानं भरलेल्या ट्रॉल्या त्या वळणावर उभ्याच असतात. कुणाचं चाक बसलेलं, कुणाचा पिन तुटलेला, कुणी चहाला गेलेला. ऊस मागं इतका लोंबतो की दिवे असले तरी झाकून जातात. त्यात नदीकडून येणारं धुकं. आणि त्याच रस्त्यानं पहाटे पहिल्या पाळीची माणसं टू-व्हीलरवरून कुपवाडच्या कारखान्यांत जातात, तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांत पाणी येत असताना.

तू मला कामाला लावलंस. तांबडं कापड आणलंस, रेडियमच्या पट्ट्या आणल्यास. मी त्या कापडावर शिवून दिल्या, कोपऱ्यांना नाड्या लावल्या. संध्याकाळी दोघी वळणावर जाऊन थांबायचो आणि ट्रॉली थांबली की तू ड्रायव्हरपाशी जायचीस.

"दादा, एवढं मागं उसाला बांधू का?"

"आवं मावशी, ट्रॉली मालकाची हाय. आमी काय सांगणार?"

"ट्रॉली मालकाची. मागनं येऊन धडकणारा कुणाचा?"

एक जतकडचा ड्रायव्हर होता, वयानं बऱ्यापैकी, डोक्याला मफलर. त्यानं स्वतःच कापड घेऊन बांधलं आणि म्हणाला, "लय चांगलं काम करताय बघा. आमच्या मालकाला सांगून सांगून तोंड दुखलं. ऐकत न्हाई त्यो." त्याचा मालक म्हणजे बापूसाहेब. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीवर कापड नव्हतं. ट्रॉलीवर फडकी बांधून आपली शोभा करतात म्हणून बापूसाहेबांनी काढून टाकायला लावलं होतं.

मग तू त्या ट्रॉलीचा फोटो काढलास. धुक्यात उभी, मागं एक दिवा नाही. ग्रुपवर टाकलास आणि खाली लिहिलंस, 'ही बापूसाहेबांची ट्रॉली आहे. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनी वळणावर गाडी हळू घ्यावी. बापूसाहेबांनी रेडियम लावावं.'

यात खोटं काय होतं? शिवी कुठं होती? पण बापूसाहेब आपल्या गणपतीला मांडव देतात, आपल्या चौकात त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. अर्ध्या तासात ग्रुपवर एकेकाला कंठ फुटला. 'ताईंनी राजकारण करू नये.' 'हा ग्रुप चांगल्या विचारांसाठी आहे.' 'रोज काय ते थंडी थंडी.' ज्या कदमांच्या झडपेचा पुठ्ठा तू काढलास, त्यांनीसुद्धा त्या मेसेजांना अंगठा दिला. आणि संध्याकाळी दिलीपनं तुला ग्रुपमधून काढलं.

तू माझ्याकडं आलीस, फोन पुढं धरलास. "बघ गं, माझं कनेक्शन कट केलं." हसत होतीस. पण खुर्चीवर बसलीस तरी फोन पुन्हा पुन्हा उघडून बघत होतीस, ते मी बघितलं. मी त्याच पावली दिलीपकडं जाणार होते. तू माझा पदर धरून खाली बसवलंस. "मला परत घे म्हणून कुणाच्या दारात जायचं नाही. फळा आणते."

आणलास. जुन्या बाजारातून कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लासचा फळा आणून आपल्या दोघींच्या घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीला टांगलास. रोज सकाळी खडूनं लिहायचीस. माणसं येता-जाता वाचायची, पण थांबायची नाहीत. थांबलं तर बापूसाहेबांना कळेल. मान सरळ आणि डोळे तिरके, असं वाचत जाणारी आपली कॉलनी बघून मला संताप यायचा. तू म्हणायचीस, "वाचतायत ना? मग मान कुठं का असेना."

मग माझं साताऱ्याला जायचं निघालं. लेकीचं बाळंतपण. तू मला स्टँडवर सोडायला आलीस. तिथंही भांडलो. मी म्हटलं, मी नसताना वळणावर एकटी जाऊ नकोस, आणि एकदा बापूसाहेबांकडं जाऊन चार गोड शब्द बोल, काम होईल. तू म्हणालीस, "मी गोडच बोलते. ऐकणाऱ्याला कडू लागतं." मी म्हटलं, हट्टी आहेस. तू म्हणालीस, तू भित्री आहेस. एस.टी. सुरू झाली. खिडकीतून मी ओरडले, "आल्यावर बघते तुला!" तू हात हलवलास आणि लोकांत दिसेनाशी झालीस. वाटलं होतं, बाळाचं बारसं उरकून येईन आणि पुढचं भांडेन.

त्या सकाळचं मला जे कळलं ते चार तोंडांतून कळलं. तरी क्रमानं सांगते, कारण कागदावर ते उलटंच लिहिलं गेलं.

तू पहाटे दूध आणायला निघालीस. इतकं धुकं होतं म्हणे की आपल्याच फाटकाचा खांब दिसत नव्हता. वळणाच्या पुढं बापूसाहेबांची ट्रॉली चाक मोडून रस्त्यात तिरकी उभी होती. ना दिवा, ना दगड, ना झाडाची फांदी. ड्रायव्हर जॅक आणायला कुणाला तरी पाठवून खाली बसलेला. पहिल्या पाळीची वेळ जवळ आलेली. तू दिलीपला फोन केलास. त्याला म्हणालीस, ग्रुपवर टाक, वळणावरून कुणी येऊ नका, ट्रॉली आडवी आहे, मागच्या गल्लीनं जा. आपल्या कॉलनीतली निम्मी माणसं त्याच पाळीला जातात. तो "हो, टाकतो" म्हणाला. आणि पांघरूण ओढून पुन्हा झोपला.

हे त्यानं मला स्वतः सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर, तोंडावर दोन्ही हात घेऊन, रडत. चार दिवसांनी मी त्याला म्हटलं, चल, हेच पोलिसांना सांग. तर म्हणाला, "वहिनी, फोन आला होता खरा, पण नीट ऐकू आलं नाही."

ऐकू आलं नाही! शैले, तुझं बोलणं ऐकू आलं नाही! पावसात खांब कोसळलेले असताना जिल्ह्याच्या त्या टोकाच्या गावाला इकडून निरोप पोचवणारी तू. कानडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला सैन्यातल्या पोराशी जोडून देऊन, मध्ये राहून एकाचं दुसऱ्याला समजावणारी तू. तुझा शब्द आयुष्यात कुणाला अर्धवट ऐकू गेला नाही. आणि दोन घरं पलीकडच्या दिलीपला ऐकू आला नाही.

तू वाट बघितलीस. मागच्या गल्लीकडं कुणी वळेना, गाड्या त्याच रस्त्यानं यायला लागल्या. मग तू ट्रॉलीच्या बरीच अलीकडं जाऊन रस्त्यात उभी राहिलीस. हातात टॉर्च, अंगावर तुझी रोजची तांबडी शाल. गाडी आली की हात आडवा. कुणी थांबलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी "म्हातारे, मरायचंय का" म्हणून वळसा घालून पुढं गेलं आणि ट्रॉली बघून गाडीवरून उतरलं. कितीजण वाचले ते कुणी मोजलं नाही. मेलेला मोजता येतो, न मेलेला कोण मोजतो?

मग भाजीची पिकअप आली. त्याला तू उशिरा दिसलीस.

त्या पिकअपवाल्यानंच तुला उचललं, गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. पळून जाऊ शकला असता, गेला नाही. मला फोन आला तेव्हा मी नातीला तेल लावत होते. तेलाच्या हातानंच निघाले. कराडच्या पुढं आले आणि जावयाचा फोन आला की तू गेलीस. गाडीत माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, कोण होत्या? मी सांगितलं, भांडण राहिलंय आमचं.

पोलीस आले तोवर उजाडलं होतं. आणि वळणावर ट्रॉली नव्हती. बापूसाहेबांनी दुसरा ट्रॅक्टर पाठवून ती ओढून नेली होती. रस्त्यावर उसाची चार कांडकी, बाकी काही नाही. म्हणून कागदावर काय आलं माहीत आहे? दाट धुक्यात एक वृद्ध महिला विनाकारण रस्त्याच्या मध्ये उभी होती.

विनाकारण.

तुझा भाऊ वाईहून आला होता. थकलेला, काठी टेकत. दहाव्याला मी त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "कुसुमताई, आता कशाला? ती काही परत येणार आहे का?" त्याच्यावर राग धरता येत नाही, तो वाकलेला माणूस. पण इथल्या प्रत्येकानं मला तेच वाक्य ऐकवलं. कशाला वाकड्यात शिरता. बाईमाणसानं ठाण्याची पायरी चढू नये. बापूसाहेबांनी स्वतः येऊन चहा घेतला माझ्याकडं. म्हणाले, "ताई देवमाणूस होत्या. त्यांच्या नावानं चौकात बाकडं बसवू." मी विचारलं, ट्रॉली कुठाय? कप खाली ठेवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स लागला.

आणि ग्रुप. ज्या ग्रुपमधून तुला काढलं, त्यात दिवसभर तुझ्यासाठी जोडलेले हात, रडके चेहरे, मेणबत्त्या. 'कॉलनीचा आधार गेला.' अरे, आधाराला तुम्हीच हाकललंत की! एकानं तर विचारलं, 'उद्या पाणी आहे का, कुणाला माहिती?' कुणालाच माहिती नव्हती. मी वाचलं आणि फोन उशीखाली ढकलला.

तुझ्यावरचा राग सांगायचा राहिला. तू कशाला उभी राहिलीस? त्या ड्रायव्हरला उभं करायचं होतंस. जाणाऱ्यांतल्या दोघांना धरायचं होतंस. माझी वाट बघायची होतीस. नाहीतर दूध घेऊन सरळ घरी जायचं होतंस, सगळे जातात तसं. ज्यांनी तुला बाहेर काढलं त्यांच्यासाठी? हो, मला माहीत आहे तू काय म्हणशील. तेच म्हणशील, कदमांकडून परत येताना म्हणालीस ते. आणि मला त्यावर अजून उत्तर सुचलेलं नाही, याचाच जास्त संताप येतो.

फ्लेक्स कापला त्याच संध्याकाळी एक बाई दारात आली. स्कूटी बाहेर लावलेली, डोक्याला अजून स्कार्फ, कारखान्याचा गणवेश. वय पस्तिशीचं असेल. म्हणाली, "त्या वळणावर गेल्या त्या बाईंचं घर हेच का? फळ्यावरनं ओळखलं." मी म्हटलं, त्यांचं शेजारी. हे माझं. तुम्ही कोण?

नाव रेश्मा. जतकडची, कामासाठी कुपवाडला खोली घेऊन राहते. आत आली, पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "मी शिवी दिली हो त्यांना."

मी खुर्ची पुढं ओढली.

"उशीर झाला होता मला. लेट मार्क पडतो. ह्या मधीच उभ्या, टॉर्च डोळ्यावर. मी लय घाण बोलले. त्यांनी माझं हँडल धरलं आणि गाडी कडेला लावली. पुढं गेले चालत, तर ट्रॉली. माझ्या गळ्याएवढ्या उंचीवर ऊस. गाडीवर असते तर..." तिनं आपल्या गळ्यापाशी हात नेला आणि तसाच ठेवला. "माझी दोन लेकरं गावाला हायत. मी परत येऊन त्यांना काही बोलले न्हाई. कामावर निघून गेले. दुपारी कळलं."

मी विचारलं, "ट्रॉली होती, हे तू सांगशील?"

"त्याच्यासाठीच आले. त्यो ड्रायव्हर आमच्या भागातला हाय, मी त्याला वळखते. मफलरवाला. भिऊन गावाकडं पळालाय. पण मी सांगते की. मी बघितलंय."

आज सकाळी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिथल्या साहेबांनी आधी टाळाटाळ केली, कागद झालेत म्हणाले. मी बाकड्यावर बसले आणि म्हटलं, बसते, मला काही घाई नाही. रेश्मा म्हणाली, मला आहे घाई, पण मीपण बसते. शेवटी हवालदारानं कागद पुढं ओढला.

आधी मला विचारलं, "मयत तुमच्या कोण?"

बहीण नाहीस. मैत्रीण म्हणावं तर तू मैत्रिणीसारखी एक दिवस गोड बोलली नाहीस. तो वाट बघून म्हणाला, "शेजारीण लिहू?"

"लिहा," म्हटलं.

मग रेश्मानं सांगितलं. धुकं, ट्रॉली, कुणाची ट्रॉली, दिवा नव्हता, रेडियम नव्हतं, ड्रायव्हर कुठल्या गावचा, बाई कुठं उभ्या होत्या, ट्रॉलीच्या किती अलीकडं. एकही गोष्ट पुढंमागं झाली नाही. पिकअपवाला हळू होता की जोरात, ते तिला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणाली. तू असतीस तर खूश झाली असतीस.

यातनं काय निघेल, माहीत नाही. बापूसाहेबांचा वकील आहे, त्यांची माणसं आहेत. ड्रायव्हर येईल का, दिलीपला ऐकू यायला लागेल का, मला खात्री नाही. पण तुझ्या कागदावरचा तो 'विनाकारण' शब्द आता एकटा नाही. त्याच्यासमोर एक ट्रॉली उभी आहे, मालकाच्या नावासकट.

हवालदारानं शेवटी विचारलं, "मयत बाई तुमच्याशी काही बोलल्या?"

रेश्मानं माझ्याकडं बघितलं, मग खाली मान घातली. "बोलल्या. मी शिव्या देत होते तवा."

"काय बोलल्या?"

"म्हणाल्या, 'शिव्या घरी जाऊन दे बाई, आधी गाडी बाजूला घे.'"

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "हे लिहायचं?"

"लिहा," मी म्हटलं. "आणि तिचे शब्द आहेत, एकही बदलू नका."